करंजाचं आधीचं नाव

आमच्या शेजारच्या नागवेकर सरांनी एका झाडाच्या नावात बदल झाल्याची जाहिरात वर्तमानपत्रात दिली, आणि ती घेणारा माणूस मीच होतो.

मी रत्नागिरीतल्या एका दैनिकात छोट्या जाहिरातींच्या टेबलावर बसतो. हरवलं-सापडलं, घर भाड्याने देणे आहे, हापूसच्या पेट्या, श्रद्धांजली आणि नावात बदल. यातला नावात बदल हा सगळ्यात सरळ प्रकार. माणूस येतो, जुनं नाव, नवं नाव, कारण आणि आधार कार्डाची झेरॉक्स देतो, सही करतो आणि जातो. लग्न झालेल्या मुली येतात, ज्योतिषाने एक अक्षर वाढवायला सांगितलेले येतात, शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी आडनावच चुकवलेले येतात. इतक्या वर्षांत मला या कामात कधी धक्का बसला नव्हता. मला धक्के सोसतही नाहीत. चहात साखर जास्त पडली तरी माझी सकाळ बिघडते, असं आमची ही चारचौघांत सांगते.

तर त्या दिवशी सर आले, खुर्ची ओढून बसले आणि घरून भरून आणलेला फॉर्म त्यांनी माझ्यापुढे सरकवला. पूर्वीचं नाव, मिलेशिया पिनाटा. नवीन नाव, पोंगॅमिया पिनाटा. राहणार, गडग्यावर, नाचणे रस्ता, रत्नागिरी. मी ते दोनदा वाचलं. सरांकडे कोणी परदेशी पाहुणी येऊन राहिली आहे आणि आपल्याला शेजारी असून पत्ता नाही, या विचारानं मला आधी थोडा रागच आला. मग दबकत विचारलं, या बाई कोण.

"बाई नव्हे शेट्ये, करंज. तुमच्या-आमच्या गडग्यावरचा."

मी गार पडलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून सवयीनं ओळखीचा पुरावा मागितला. ही माझी चूक झाली. सरांनी पिशवीतून एक जाड कागद काढला. त्यावर दाबून वाळवलेली करंजाची फांदी दोऱ्यानं टाचलेली होती. पानं, फुलांचा तुरा, एक शेंग, खाली गोळा केल्याची तारीख आणि गाव. म्हणाले, तुमच्या आधार कार्डावर तुम्ही ओळखू येत नाही, यात करंज ओळखू येतो की नाही ते सांगा. येत होता. मग सही कोण करणार, असं मी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं. अज्ञान पाल्याच्या वतीनं पालक करतात तशी मी करीन, असं म्हणून त्यांनी सही केली.

जाहिरात छापून आली. दुपारपर्यंत टेबलावरचा फोन तीनदा वाजला. एकानं मिलेशिया हे कुठल्या वाडीतलं घराणं म्हणून विचारलं. दुसऱ्यानं विचारलं की नाव बदलल्यावर हिचं रेशन कार्ड झालं का, कारण त्याच्या बायकोचं अडकलं होतं. संपादकांनी मला आत बोलावून नुसतं माझ्याकडे बघितलं. मी रजेवर जाऊ का, असं विचारून बाहेर आलो.

सरांचं पूर्ण नाव विश्राम नागवेकर. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, पायजमा घोट्याच्या चार बोटं वर, आणि सदऱ्याच्या खिशात एक घडीचं भिंग, जे ते मासळीबाजारातसुद्धा काढतात. आमची दोघांची घरं शेजारी. मध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा बांध, म्हणजे गडगा. त्या गडग्याच्या बरोबर मधोमध करंज उगवला आणि वाढत वाढत त्यानं दोन्ही आवारांवर सावली धरली. तो कोणाच्या हद्दीत आहे हे मोजणीवाल्यांनाही ठरवता आलेलं नाही. सरांच्या मते तो प्रश्नच फालतू. झाडाला विचारण्याचा खरा प्रश्न एकच, नाव काय. आणि त्याहून खरा प्रश्न, आधीचं नाव काय.

"आधीचं?" हा सरांच्या तोंडी बसलेला शब्द. मारुती मंदिराजवळ नवीन हॉटेल निघालं, सरांनी गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, "आधीचं?" तो बिचारा चाचरत म्हणाला, आधी इथं केस कापायचे. सर समाधानानं निघून आले आणि तिथं जेवायला बसलेले चारजण ताटावरून उठले. माझ्या नातीच्या बारशाला तर कहर झाला. आत्यानं कानात कुर्र केलं, नाव जाहीर झालं, बायका पेढे वाटायला लागल्या, आणि सर पाळण्यावर वाकून गंभीरपणे म्हणाले, "आधीचं?" बारा दिवसांच्या पोरीचं आधीचं नाव काय असणार? पण आमच्या विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, दोन्ही घरांनी मिळून ठरवलेलं नाव आम्ही ऐनवेळी त्यांना न विचारता बदललं. दुर्दैवानं ते खरं होतं. ते निस्तरायला आम्हाला दिवाळी उजाडली.

यावर बोलायला गेलं की सर शांतपणे सांगत, "शेट्ये, चुकीच्या नावानं हाक मारणं म्हणजे हाक न मारणंच." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

करंजाच्या बाबतीत त्यांचं दुःख समजण्यासारखं आहे, असं आता मला वाटतं. पूर्वी वाटत नसे. मला वाटे, करंज म्हणजे करंज. खरूज झाली की त्याचं तेल लावावं, सकाळी त्याच्या काडीनं दात घासावेत आणि त्याची फुलं अंगणात पडली की झाडून काढावीत. एकदा मी तशी फुलं झाडत होतो तर सर गडग्यावरून हात घालून म्हणाले, थांबा. एक फूल त्यांनी नखाएवढ्या भिंगाखाली धरून मला दाखवलं. पाच पाकळ्या. मागे एक मोठी उभी, दोन बाजूंना दोन, आणि खाली दोन एकमेकींना चिकटून होडीसारख्या. वालाचं फूल असंच असतं, तुरीचं असंच, पळसाचं असंच, सगळी एका कुळातली, शेंगावाली. काल रात्री तुम्ही ज्या वालाची उसळ खाल्लीत, त्याचा हा भाऊबंद, असं ते म्हणाले. मी हबकून झाडू खाली ठेवला. एक तर एवढ्या मोठ्या झाडाचा भाऊबंद मी खाल्ला होता, आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे काय शिजलं हे सरांना गडग्यापलीकडून कळत होतं.

नावांचा इतिहास मात्र भयंकर आहे. ज्या स्वीडनच्या गृहस्थांनी जगातल्या झाडांना दोन-दोन शब्दांची नावं वाटली, त्यांनी आपल्या करंजाला एकाच पुस्तकात दोन ठिकाणी दोन वेगवेगळी नावं देऊन टाकली. पुढं दुसऱ्या कोणीतरी दक्षिणेतल्या लोकांच्या तोंडचं 'पोंगम' उचललं आणि त्याचं पोंगॅमिया केलं. सर विद्यार्थी होते तेव्हा त्यांनी पोंगॅमिया ग्लाब्रा असं पाठ केलं. मग कळलं की पिनाटा हा शब्द ग्लाब्राच्या आधीचा, म्हणून पोंगॅमिया पिनाटा. मग कोणी म्हणालं हा डेरिस वंशातला, झालं डेरिस इंडिका. मग कोणी म्हणालं, छे, हा मिलेशियातला. आणि आता जनुकं तपासून बऱ्याच जणांचं मत पडलं की याला वेगळंच बसू द्या, पोंगॅमिया पिनाटाच बरोबर. एवढं सगळं चालू असताना करंज आमच्या गडग्यावर जागचा हलला नव्हता.

प्रत्येक बदलाची सरांनी पाटी रंगवली. झाडाला खिळा मारायचा नाही म्हणून पाटी काथ्याच्या दोरीनं बांधलेली. नवं नाव मोठ्या अक्षरांत वर, आणि आधीची सगळी खाली बारीक अक्षरांत. मी एकदा म्हटलं, जुनी पुसून टाका ना, किती लांबलचक झाली ती पाटी. तेव्हा सर खरोखर दुखावले. म्हणाले, नाव टाकायचं नसतं, फक्त खाली जातं. अखेर पत्र्यावर जागा उरेना, तेव्हा त्यांनी घरातल्या एका लाकडी कपाटाचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि त्याची पाटी केली. हे कपाट वहिनींच्या लुगड्यांचं होतं.

वहिनी म्हणजे वनश्री नागवेकर, सरांची पत्नी. माहेर हेदवीचं. बोलणं अगदी मोजकं, पण नजर अशी की आमची ही त्यांच्यासमोर गावगप्पा मारायला घाबरते. दार गेलं त्या दिवशी वहिनींनी कपाटाला जुन्या साडीचा पडदा लावला आणि तक्रारीचा एक शब्द काढला नाही. आमच्या हिला फक्त एवढं म्हणाल्या की झाडाला दार मिळालं, आपल्याला पडदा.

वनश्री हे नाव सरांनीच ठेवलेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवरीचं नवं नाव काढतात, तेव्हा भटजींनी सुचवलेली दोन नावं नाकारून सरांनी स्वतः वनश्री असं काढलं. हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. वनस्पतिशास्त्राच्या माणसाच्या बायकोला याहून योग्य नाव कुठलं, असं विचारत. पाहुणे मान हलवत. वहिनी आत चहा टाकायला जात. मी ही गोष्ट पन्नास वेळा ऐकली असेन, आणि पन्नास वेळा मान हलवली असेन.

एका दुपारी सरांच्या पडवीत बसलो होतो. वहिनी खाली सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. सर मला डेरिसची भानगड समजावत होते, कारण मी गाफीलपणे विचारलं होतं की करंज आधी पिनाटा होता तर मध्येच इंडिका कसा झाला. त्याचं असं होतं. डेरिस वंशात पिनाटा नावाचं दुसरं एक झाड आधीपासून नांदत होतं. एका वंशात एका नावाची दोन झाडं चालत नाहीत. म्हणून बाहेरून आलेल्या करंजाला आपलं पिनाटा सोडून इंडिका व्हावं लागलं. मी म्हटलं, म्हणजे सासरी त्याच नावाची बाई आधीच असली की नवरीचं बदलतात, तसं. सर इतके खूश झाले की त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. इतकी वर्षं वर्गात शिकवलं, पण एवढं सोपं उदाहरण आपल्याला सुचलं नाही, असं म्हणाले.

वहिनींचा हात सुपात थांबला. सरांच्या शास्त्रात त्या कधी बोलत नसत, म्हणून मला चांगलंच आठवतं.

"आणि ती आधीची बाई गेली की?"

सर भिंग पुसत होते. वर न बघता म्हणाले, "अडथळा गेला की आधीचं नाव परत येतं. तसा नियमच आहे."

वहिनी 'हं' म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या. मी बशीतला आणखी एक लाडू घेतला.

गेल्या पावसाळ्यात वहिनी पडल्या. मागच्या दाराच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं, पाय सरकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं ते नीट झालं, डॉक्टर हसतमुखानं बाहेर आले, तासाभरात शुद्धीवर येतील म्हणाले. तास झाला. दोन झाले. तीन झाले. डॉक्टर पुन्हा आत गेले आणि येताना हसत नव्हते. नाडी ठीक आहे, सगळं ठीक आहे, पण त्या अजून प्रतिसाद देत नाहीत. वय आहे, वेळ लागतो कधीकधी. तुम्ही त्यांच्या जवळ बसा आणि नावानं हाका मारत राहा.

तोपर्यंत मी सरांना वहिनींना नावानं हाक मारताना ऐकलंच नव्हतं. घरात ते 'अगो' म्हणत किंवा 'ऐकलंस का'. आता ते कॉटच्या कडेला वाकून उभे राहिले आणि हजेरी घ्यावी तसे म्हणाले, "वनश्री." मग थोडं मोठ्यानं, "वनश्री नागवेकर." नर्स दुसऱ्या बाजूनं गाल थोपटत होती, वनश्रीआजी, डोळे उघडा, वनश्रीआजी. वहिनींची पापणीसुद्धा हलत नव्हती. मी असा माणूस की फटाका वाजला तरी दचकतो, आणि तिथं काहीच घडत नव्हतं हाच मला सगळ्यात मोठा धक्का होता.

सर हाका मारत राहिले. आवाज बसला. एका हातानं ते खिशातलं भिंग उघडत होते आणि मिटत होते. मध्येच वळून मला म्हणाले, शेट्ये, त्या फाइलीवर नाव बरोबर लिहिलंय ना, बघा जरा. मी बघितलं. बरोबर होतं. मी तसं सांगितलं तर ते म्हणाले, मग ती ऐकत का नाही. वहिनी गेल्या तर हा माणूस काय करील, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला आणि मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.

दिवेलागणीच्या सुमाराला वहिनींचे थोरले भाऊ पोचले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. वय ऐंशीच्या पुढचं, एका कानानं कमी ऐकू येतं, आणि त्यामुळे बोलतात ते खाडीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं. ऑपरेशनचा फोन गेला तसे हेदवीहून निघाले, तवसाळला फेरीबोट धरली, जयगडहून एसटी, आणि ओली छत्री हातात घेऊन थेट आत. नर्स नको म्हणत होती, पण तिचं त्यांना ऐकू आलं नाही. सर त्या वेळीही हाका मारत होते. आप्पा दोन मिनिटं ऐकत राहिले. मग त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, सरांना हातानं बाजूला केलं आणि वहिनींच्या कानाशी वाकले.

"द्वारके, ऊठ गो. वासरू सुटलां बघ."

वहिनींच्या कपाळावर आठी पडली. डोळे मिटलेलेच होते, पण ओठ हलले आणि लहान मुलीचा असावा तसा आवाज आला.

"ओ, आले." मग डोळे उघडून त्यांनी आप्पांकडे बघितलं आणि विचारलं, "बांधलां काय?"

नर्स हसायला लागली. डॉक्टर धावत आले. माझ्या हातातली छत्री खाली पडली आणि मी भिंतीला धरून चक्क रडलो. वहिनींच्या तोंडून ती गावची बोली मी इतक्या वर्षांत एकदाही ऐकली नव्हती. आप्पा मोठमोठ्यानं सांगत होते की वासरू कुठलं, गोठा मोडूनही जमाना झाला. या सगळ्या आनंदात एकटे सर स्टुलावर बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आधीचं," ते म्हणाले. त्या शब्दामागे प्रश्नचिन्ह नसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

बाहेर चहा पिताना आप्पांनी मला सगळं सांगितलं; म्हणजे आख्ख्या मजल्याला सांगितलं. वहिनी जन्मानं द्वारका. सरांच्या आईचं नावही द्वारका. एका घरात दोन द्वारका झाल्या की सुनेला हाक कशी मारायची, म्हणून नाव बदलणं भाग होतं. त्या काळी ते कोणालाच वावगं वाटलं नाही. आम्ही मात्र कधी दुसरं नाव घेतलं नाही, असं म्हणून आप्पांनी बशी तोंडाला लावली.

सर हळूच माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, मला माहीत होतं शेट्ये. हेदवीला गेलो की सगळे तिला द्वारकीच म्हणतात. मी शंभरदा ऐकलंय. स्थानिक नाव म्हणून सोडून दिलं. मला त्या वेळी दक्षिणेतल्या लोकांच्या तोंडचं पोंगम आठवलं, पण आयुष्यात एकदा तरी मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं.

वहिनी घरी आल्या. वॉकर धरून पडवीपर्यंत यायला लागल्या. एके सकाळी मी गडग्याच्या माझ्या बाजूला देवासाठी जास्वंद काढत होतो आणि पलीकडे दोघं बोलत होती. शिष्टाचार म्हणून मी तिथून निघायला हवं होतं. मी खाली बसलो.

सरांनी विचारलं, तू इतकी वर्षं बोलली का नाहीस. त्यांचा आवाज तपासणीला उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यासारखा होता. वहिनी म्हणाल्या की सासूबाई होत्या तोवर प्रश्नच नव्हता. त्या गेल्या तेव्हा वाटलं, तेरावा झाला की विचाराल. मग वाटलं, वर्षश्राद्ध झालं की विचाराल. पुढं त्या दिवशी शेट्ये भावजींसमोर तो नियम सांगितलात, तेव्हा तर खात्रीच होती की आता वर बघाल आणि विचाराल.

"तुम्ही अख्ख्या रत्नागिरीला विचारत फिरत होता. म्हटलं, येईल आपलाही नंबर."

करंजाची एक वाळकी शेंग माझ्या पाठीवर पडली तरी मी हललो नाही.

"झाडाचं नाव बदलायचं झालं तर चार पुस्तकं मागवलीत, पुण्या-मुंबईला पत्रं घातलीत," वहिनी म्हणाल्या. "माझ्या वेळी ताटभर तांदूळ पुरले."

त्या रागानं बोलल्या असत्या तर मला इतकं लागलं नसतं. भात उकळलाय हे सांगावं तशा त्या सांगत होत्या. जास्वंदीच्या झुडपाखाली बसून माझे पाय बधिर झाले होते, आणि मला आठवत होता तो जास्तीचा लाडू. मीही त्या दिवशी तिथंच होतो. वहिनींनी प्रश्न विचारला तेव्हा मलासुद्धा वर बघून विचारता आलं असतं.

मग सरांनी विचारलं, आता कुठलं नाव वापरायचं. मी तर नियमावर बोट ठेवून सांगणारा माणूस, पण हे तू ठरव. वहिनी म्हणाल्या की द्वारका वर घ्या. पण वनश्रीही माझंच आहे, इतकी वर्षं त्याच नावानं या घरात नांदले, ते पुसू नका. खाली राहू दे.

दोन दिवसांनी सर माझ्या टेबलासमोर येऊन बसले. फॉर्म घरून भरून आणला होता. पूर्वीचं नाव, वनश्री विश्राम नागवेकर. त्याच्या पुढच्या रकान्यात 'नवीन नाव' असं छापलेलं आहे. त्यातला 'नवीन' शब्द त्यांनी खोडला होता आणि वर 'आधीचं' असं लिहून पुढं द्वारका लिहिलं होतं. कारण, अडथळा दूर झाल्यामुळे. सोबत हेदवीच्या शाळेतून आप्पांनी काढून आणलेला शाळा सोडल्याचा दाखला. खाली सही वहिनींची. मोठी, सुटी सुटी, चौथीतल्या मुलीची असावी तशी अक्षरं. सर म्हणाले, चार दिवस तुमच्याच वर्तमानपत्राच्या कडेला गिरवत होती. चौथीनंतर तिनं ते नाव लिहिलंच नव्हतं.

यावेळी मी पुरावा तपासला नाही, बदलाचं कारणही विचारलं नाही, आणि ऊर्फ वनश्री एवढं खाली बारीक अक्षरांत माझ्या हातानं घातलं. संपादकांनी विचारलं तर काय सांगायचं हेही ठरवून ठेवलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी घरी गेल्यावर मी आमच्या हिला विचारलं की तुझं आधीचं नाव काय होतं गं. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तिनं जे उत्तर दिलं, ते आमच्या दैनिकात छापता येणार नाही.

करंजावरचं कपाटाचं दार आता तिथं नाही. सरांनी ते सोडवून परत वहिनींच्या कपाटाला बसवलं. रंग मात्र काढला नाही, त्यामुळे लुगडं घ्यायला गेलं की आधी पोंगॅमियापासून सगळी नावं वाचावी लागतात. करंजाला पाटी नाही. तो ओळखू येतो, असं सर म्हणतात. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मी पुन्हा एकदा हबकलो, पण तेवढं आता सोसायला लागलंय.

जाहिरात छापून आली त्या सकाळी मी अंक घेऊन गडग्याशी गेलो. घरातून सरांची हाक ऐकू आली. "द्वारका." नवा शब्द पाठ करताना होतो तसा अवघडलेला आवाज. उत्तर आलं नाही. पुन्हा हाक आली, या वेळी जरा बरी. तिसऱ्या हाकेला मला धसका बसला. वहिनींना पुन्हा काही झालं की काय, म्हणून मी गडग्यावरून वाकून बघितलं. वहिनी पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या. वॉकर बाजूला, हात मांडीवर, केसांत करंजाची दोन फुलं पडलेली, आणि तोंडावर असं हसू की मी अंक पुढं करायचा विसरलो.

"वहिनी, सर हाका मारतायत," मी म्हटलं.

"ऐकतेय," त्या हळूच म्हणाल्या. "मारू देत अजून थोड्या."